रिकाम्या पेटीचं वजन

१

माझं काम एका वाक्यात सांगून होतं. राखखोलीतून बाहेर येणाऱ्या माणसाच्या हातातली वस्तू घ्यायची, पेटीत ठेवायची, दार लावायचं, दहा सेकंद थांबायचं आणि हिरवा दिवा लागला की परत द्यायची. पुसदला राहून बी.एस्सी. केलं ते लोकांचे डबे तपासायला का, असं तांड्यावरच्या बायका मला तोंडावर विचारतात. मीही तोंडावर हो म्हणते. पगार वेळेवर होतो, डोक्यावर पंखा आहे, आणि कापूस वेचायला वाकावं लागत नाही.

वणीहून चंद्रपूर रस्त्याला लागलं की आमचा कोळसा धुण्याचा कारखाना येतो. पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशात राख किती आहे हे मोजायला तिथे एक यंत्र बसवलंय. त्याच्या पोटात, शिशाच्या भांड्यात, हरभऱ्याएवढी किरणोत्सारी गोळी आहे. ती खोली म्हणजे राखखोली. गोळी कधी झिजली, फुटली, आणि तिची धूळ कुणाच्या पान्याला किंवा मोबाइलला लागून घरापर्यंत गेली तर घात होईल, म्हणून दारात ही पेटी ठेवलेली. लहान फ्रीजएवढी, जाड पत्र्याची, एकाच दाराची. पडद्यावर दोन आकडे दिसतात. वरचा किरणांचा, खालचा वजनाचा, ग्रॅममध्ये. लाल दिवा मी दोन वर्षांत एकदाही लागलेला पाहिला नव्हता.

पेटीला रोज सकाळी सातला झिरो द्यावा लागतो. म्हणजे पेटी पूर्ण रिकामी करायची, दार लावायचं आणि बाजूची चावी फिरवायची. थोडेफार किरण हवेत, मातीत, भिंतीच्या विटांतसुद्धा असतात. पेटी ते लक्षात ठेवते आणि दिवसभर प्रत्येक आकड्यातून वजा करते. वजनाचंही तसंच. सकाळी सातला तिच्यात जे असेल, त्याला ती दिवसभर ‘काही नाही’ समजते.

हे सगळं मला देवीलाल राठोडने शिकवलं. तो आमचा सुरक्षा सुपरवायझर. नोकरीही त्यानेच लावून दिली. मला सख्खा भाऊ नाही, त्याला बहीण नाही. पहिल्याच वर्षी मी त्याला राखी बांधली. मी त्याला आमच्या बंजारा बोलीत भिया म्हणते, तो मला बाई म्हणतो. त्याला आणि हंसावहिनीला मूलबाळ नाही. माझा नवरा अमर टिपर चालवतो, त्याचं आणि देवीलालचं माझ्यापेक्षा जास्त जमतं.

पोळ्यानंतर मला दिवस गेल्याचं कळलं. अमरनंतर मी ते फक्त भियाला सांगितलं.

“हापिसात सध्या सांगू नको, बाई,” तो म्हणाला. “सांगतलं का ते तुले या कामावरून काढतात. मंग बस घरी. पेटीपासून काही होत नाही, पेटी काही सोडत नाही, नुसती मोजते. तू सातले येऊच नको. आरामात नवाले ये. झिरो मी घेत जाईन.”

“आणि रजिस्टर?”

“सह्या महिन्याच्या पह्यलेच करून ठेव. आपल्याकडं सगळेच करतात.”

खरंच सगळेच करतात. महिन्याच्या एक तारखेला मी तीस ओळींवर तीस सह्या केल्या. प्रत्येक ओळीत छापलेलं होतं: वेळ सात, पेटी रिकामी असल्याची खात्री केली. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, असं मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

२

ऑक्टोबरच्या मध्यात फिटर फुलचंदने जेवणाच्या सुट्टीत काड्याची पेटी पुढे केली. आत ठेवली, हिरवा दिवा लागला, परत दिली. नजर सहज खालच्या आकड्यावर गेली. उणे छत्तीस.

काडेपेटीचं वजन दहाएक ग्रॅम असतं. उणे छत्तीस कसं असेल? पेटी रिकामी करून पुन्हा दार लावलं. उणे सेहेचाळीस.

तपासणीसाठी आमच्याकडे पाचशे ग्रॅमचं पितळी वजन आहे. ते ठेवलं. चारशे चौपन्न. म्हणजे काटा बिघडलेला नव्हता. काटा नेमकं मोजत होता, फक्त सेहेचाळीस ग्रॅम कमी सांगत होता. याचा सरळ अर्थ एकच निघतो. सकाळी झिरो घेताना पेटीत सेहेचाळीस ग्रॅमचं काहीतरी राहून गेलं होतं.

मी भियाला सांगितलं.

“फडकं राह्यलं असन,” तो म्हणाला. “वजनाले कोण इचारते? वरचा आकडा बरोबर आहे ना?”

वरचा आकडा बरोबर होता. मी विषय सोडला. ज्याने उपकार केलेत त्याच्या फडक्याचा हिशेब कोण मागतो.

३

दुसऱ्या दिवशी उणे एक्कावन्न. आठवड्याने उणे सत्तर. दिवाळीच्या सुट्टीनंतर उणे दीडशेच्या वर. एकदाही आकडा मागे आला नाही.

मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे. घाबरण्याआधी मी कारण शोधते, आणि मला जे कारण सापडलं त्याची मला लाज वाटली. देवीलाल राखखोलीतून काहीतरी बाहेर नेतोय. रोज थोडं थोडं, झिरोच्या वेळी पेटीत ठेवून, म्हणजे पेटीला त्याची सवय होईल आणि ती दिवसभर गप्प बसेल. युक्ती खरोखर चालण्यासारखी होती. गोळीचीच धूळ असेल तर? आणि मी इथे पोट घेऊन बसलेली.

पण मग वरचा आकडाही उणे जायला हवा होता. पेटीने सकाळी किरण पाहिले असते तर ते तिने दिवसभर वजा केले असते. वरचा आकडा तर जागचा हलत नव्हता. तीन दिवस मी कागदावर मांडून पाहिलं. सकाळी सातला पेटीत जे काही ठेवलं जात होतं, ते दर दिवशी वाढत होतं आणि ते पूर्ण स्वच्छ होतं.

मला हलकं वाटलं. भियावर संशय घेतला म्हणून मी त्या दिवशी त्याच्यासाठी घरून तिळाच्या वड्या नेल्या. त्याने एक खाल्ली, बाकीच्या माझ्यापुढे सरकवल्या.

“तू खा,” म्हणाला. “तुले दोघांचं खा लागते.”

४

नोव्हेंबरच्या शेवटी वणीत सोनोग्राफी झाली. अमर बाहेर मोबाइल पाहत बसला होता. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी ठोके ऐकवले आणि रिपोर्ट हातात दिला. मी रिक्षात बसून तो वाचला. वीस आठवडे. ठोके नियमित. बाळाचं अंदाजे वजन तीनशे एकतीस ग्रॅम.

मी रिपोर्टची घडी केली. परत उघडला.

त्या दिवशी सकाळी कामावर जाऊन मग मी अर्धी रजा घेतली होती. रिकाम्या पेटीचा आकडा मी सवयीने पाहिला होता. उणे तीनशे एकतीस.

“योगायोग असन,” अमर म्हणाला. “तू लय आकडे पाह्यतं दिवसभर.”

योगायोग एका आकड्याचा असतो. मी दवाखान्यातून मिळालेल्या पुस्तिकेतला तक्ता काढला. कितव्या आठवड्याला किती वजन, ते त्यात छापलेलं असतं. माझ्या वहीतले ऑक्टोबरपासूनचे आकडे त्याच्यापुढे ठेवले. चौदावा आठवडा, सोळावा, अठरावा. दोन-चार ग्रॅमचा फरक पडत होता. एवढा तर दोन लेकरांमध्येही पडतो.

मी वही अमरपुढे धरली. त्याने ती वाचली नाही. त्याने ती बंद करून माझ्या उशीखाली ठेवली आणि पाणी प्यायला गेला. तेव्हा मला वाटलं, पुरुषांना असल्या गोष्टींची भीती वाटते.

५

दुसऱ्या दिवशी नऊला कामावर जाताच मी भियाकडे चावी मागितली. तो टाळाटाळ करील असं मी धरून चालले होते. त्याने करदोट्याला बांधलेली चावी लगेच सोडली.

“घे,” म्हणाला. “तूच घे आज झिरो. मंग तुलेच समजन.”

मी पेटीत हात घालून कोपरे चाचपले. काहीच नव्हतं. आतला पत्रा कोरडा होता आणि थोडा कोमट. दार लावून मी चावी फिरवली. खालचा आकडा शून्य झाला. पितळी वजन पाचशे भरलं. फुलचंदचा भरलेला डबा एक हजार एकशे वीस. सगळं जगाच्या नियमाने चाललेलं पाहून मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

दुपारी माझ्या लक्षात आलं, पोटात हालचाल नाही.

आठवडाभरापासून मला ती कळू लागली होती. जेवल्यावर हटकून व्हायची. मी गूळ खाल्ला, थंड पाणी प्यायले, घरी जाऊन डाव्या कुशीवर पडले. संध्याकाळ झाली. काही नाही. अमर म्हणाला सकाळी दवाखाना उघडला की जाऊ. मी रात्रभर पोटावर हात ठेवून होते. माझ्या हाताखाली मांस होतं, दगडासारखं नव्हे, गरम होतं, पण त्यात कुणी नव्हतं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लेकराने लाथ मारली. एवढ्या जोराने मारली की मी ओरडले.

नऊला कामावर गेले. रिकामी पेटी. उणे तीनशे चाळीस. देवीलाल समोरच्या बाकावर चहा पीत होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी पुन्हा चावी मागितली नाही. हे लिहिताना मला शरम वाटते, पण मागितली नाही हे खरं. एक तारखेला डिसेंबरचं पान त्याने समोर ठेवलं तेव्हा मी एकतीस सह्या केल्या.

६

तेव्हापासून मी सकाळी सातला घरीच घड्याळापुढे बसू लागले. सातला पाच कमी असताना पोट हलकं व्हायचं. आधी मला ती भूक वाटली होती. ती भूक नव्हती. पोटाचा आकार तोच राहायचा, वरची कातडी तशीच ताणलेली, पण उठून उभं राहिलं की कमरेवर भार नसायचा. सात-दहाला भार परत यायचा, आणि लगेच लाथ.

नाताळाच्या दोन दिवस आधी उणे सहाशे चाळीस होतं. दुसऱ्या सकाळी अमर टिपरवर गेल्यावर मी रिक्षा करून कारखान्यात गेले. सातला दहा कमी होते. उजाडलेलं होतं, धुकं होतं, आणि पट्टा अजून सुरू झालेला नव्हता. पट्टा बंद असला की त्या इमारतीत आपल्या चपलेचा आवाजही मोठा वाटतो. मी चप्पल हातात घेतली.

राखखोलीच्या दाराशी देवीलालचे बूट काढून ठेवलेले होते. तिथे बूट काढायला मनाई आहे. हा नियम त्यानेच मला पाठ करून घेतला होता.

बोळातल्या काचेतून माझी खुर्ची आणि पेटी दिसते. तो पाठमोरा होता, पेटीपुढे उकिडवा बसलेला. पेटीचं दार बंद होतं. तो त्या दाराशी बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण ते आमच्या बोलीतले होते आणि ते कसले होते हे कळायला शब्द लागत नाहीत. लेकरू झोपेतून उठताना किरकिर करू लागलं की माणसं असंच बोलतात.

मी पोटाला हात लावला. हात आत गेल्यासारखा वाटला, इतकं ते हलकं होतं.

दहा सेकंद. त्याने चावी फिरवली. मग दार उघडलं, दोन्ही हात आत घातले आणि हळू बाहेर काढले. एका तळव्याने मानेला आधार देतात तसे. हातांवर जुन्या धोतराचं पांढरं फडकं होतं. त्याने ते छातीशी घेतलं तेव्हा फडक्याची कड सरकली आणि खालून एक पाऊल दिसलं. भुईमुगाच्या शेंगेएवढं. तांबडं, ओलसर, बोटं आवळलेली.

बोटं उघडली. मग माझ्या पोटात सगळा भार एकदम आला आणि मी भिंतीला धरून खाली बसले.

७

“काहून आली इतक्या लवकर?” देवीलाल माझ्यासमोर उभा होता. त्याचे हात रिकामे होते, फडकं खांद्यावर. पायात बूट. “उठ, बाई. जमीन थंड आहे.”

“काय होतं पेटीत?”

“पेटीत? काही नाही. पाह्य ना.”

मी पाहिलं. काही नव्हतं. कोरडा पत्रा, थोडा कोमट.

“भिया, मी पाह्यलं. मी काचेतून पाह्यलं.”

त्याला राग आला नाही, तो घाबरलाही नाही. त्याने टेबलावरचं रजिस्टर आणून माझ्या मांडीवर उघडलं आणि पानं उलटली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. प्रत्येक सकाळी सात वाजता पेटी रिकामी असल्याची मी खात्री केली होती. माझं अक्षर चांगलं आहे. एकही सही वेडीवाकडी नव्हती.

“रिकामी होती असं तूच लिहून देल्लं,” तो म्हणाला. “मी कायले तुह्या शब्दाबाहेर जाऊ? घंटाभरही नाही, दहा-पंधरा मिनिटं. घरी जाऊन हंसाले सांगतो तं तिले दिवसभर पुरते.”

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. शिव्या दिल्या असाव्यात. तो ऐकून घेत होता, थोरला भाऊ ऐकून घेतो तसा, आणि याचीच मला सर्वात जास्त चीड आली. हापिसात जाऊन कुणाला काय सांगणार होते? की माझ्या सहीने जी पेटी रिकामी आहे, तिच्यात माझं लेकरू असतं?

मी घरी आले. अमर दुपारी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पाऊलही सांगितलं. तो टिपर घेऊन कारखान्यात जाईल, कुऱ्हाड काढील, निदान मला वेडी म्हणेल, असं वाटलं होतं. वेडी म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

तो खाटेवर बसला. पायातले मोजे काढत होता.

“तसं काही नुकसान नाही करत तो,” शेवटी म्हणाला. “मले म्हणे, तिले त्रास नाही होनार, झोपेतच असन ती. त्या दिवशी तूच नवाले जाऊन झिरो पुसला, तं लेकरू एक दिवस अडकलं. तसं पुन्हा नको करू.”

“तुले माहीत होतं.”

“त्यानं नोकरी लावून देल्ली, ममता. टिपर त्याच्याच वळखीनं भेटलं. एवढं मांगतलं त्यानं. नाही कसं म्हणू?”

एवढं. मी त्या शब्दाकडे पाहत राहिले. माझ्या पोटाला त्या घरात हेच नाव होतं.

८

मी नोकरी सोडली. माहेरी फुलसावंगीला जाऊन राहिले, वणीपासून शंभराहून जास्त किलोमीटर. आईला म्हटलं, प्रवास झेपत नाही. सकाळी सातला पाच कमी असताना पोट हलकं व्हायचंच. अंतराने काही फरक पडला नाही. मी मोठ्याने बोलून पाहिलं, गाऊन पाहिलं, पोटावर दोन्ही हात दाबून धरले. सात-दहाला लाथ. पुढे पुढे ती लाथ मला आनंदाची वाटेना. कुणाला तरी नको असताना परत पाठवल्यासारखी वाटायची.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. दवाखान्यात काट्यावर ठेवली, सव्वीसशे पन्नास ग्रॅम. नर्सने पुसून माझ्या कुशीत दिली. सुंदर होती. सगळं जागच्या जागी होतं. मी तिचे पाय पाहिले नाहीत.

ती रडत होती. आधी वाटलं, सगळीच रडतात. तासाभराने नर्स दोनदा येऊन गेली. आईने घेतलं, अमरने घेतलं. मी अंगाशी लावलं तर तिने तोंड उघडलं, माझा वास घेतला आणि अंग ताठ करून मागे फेकलं. दूध होतं. माझा पदर भिजला होता. तिला भूक होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. रडून रडून तिचे ओठ निळसर व्हायला लागले.

दाराबाहेर देवीलाल आणि हंसावहिनी आले होते. अमरनेच फोन केला असणार.

“आत येऊ देऊ नका,” मी आईला म्हटलं. आई माझ्याकडे पाहत राहिली. बहिणीच्या लेकराला पाहायला मामा येतो, त्याला कोण अडवतं?

तो आत आला नाही. उंबऱ्यापाशीच थांबला आणि तिथूनच हलक्या आवाजात आमच्या बोलीत काहीतरी म्हणाला. दोनच शब्द असतील. मुलगी गप्प झाली.

नर्स हसली. “पोटात असताना ज्याचा आवाज ऐकतात ना, तेवढाच ओळखतात हो. तुम्हीच का वडील?”

“मामा,” देवीलाल म्हणाला.

मी तिला छातीशी घेतलं आणि तिच्या कानाशी बोलू लागले. नऊ महिने मी जे जे बोलले होते तेच सगळं. ती ऐकत होती का, कळलं नाही. तिचं डोकं माझ्या हातावर होतं पण मान दाराकडे होती. मी तिला माझ्याकडे वळवलं. तिने श्वास ओढला आणि पुन्हा तसंच रडायला सुरुवात केली, आणि या वेळी मधला श्वास लवकर येईना.

देवीलालने हात पुढे केले नाहीत. त्याने काही मागितलं नाही. तो नुसता उभा राहिला.

मी पलंगावरून उतरले. टाके ओढत होते. आई धरायला आली, तिला मी बाजूला केलं. चार पावलं चालून मी मुलीला त्याच्या हातात दिलं, मानेला आधार देऊन. तिने त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसलं आणि ती लगेच झोपली.